वहीत न मावणारा आवाज

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर भीमगीतांच्या पातळ पुस्तिका मिळतात. तीसेक वर्षे मी त्या जमवतो आहे. गीताच्या डोक्यावर पुष्कळदा ‘चाल’ छापलेली असते, म्हणजे एखाद्या गाजलेल्या सिनेगीताचा मुखडा. ते सिनेगीत ज्याने ऐकलेले नाही, त्याच्या हाती नुसते शब्द उरतात. कोरसने कुठे उचलायचे, ढोलकी कुठे थांबायची, लोकांनी कुठे दाद दिली, यातले कागदावर काहीच नसते. भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ लिहून ठेवले म्हणून १९३०च्या दशकातल्या जलशांची रीत तरी कळते. आवाज गेले ते गेलेच.

म्हणून नागपुरातल्या एका चित्रपट महोत्सवात आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) लागला, तेव्हा मी वही घेऊनच गेलो. हा तीन तासांहून मोठा माहितीपट. त्याची चर्चा राजकीय पट म्हणून होते, ती रास्तच आहे. मी मात्र तो गायकीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहतो.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मारले गेले. चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधल्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. उभी हयात डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसाने जाताना डोक्याला निळे फडके बांधले होते.

घोगरे पटवर्धनांना परके नव्हते. ‘हमारा शहर’ (१९८५) हा त्यांचा माहितीपट मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवरचा. कॅमेरा तिथे गेला होता घरे पाडली जातात ते टिपायला. त्यात घोगरे गायले, आणि आवाज राहिला. हा योगायोग मला अस्वस्थ करतो. कोणी शाहिरीची नोंद करायला म्हणून गेलेच नव्हते! पुढे चौदा वर्षे चित्रण करून पटवर्धनांनी त्या आवाजाशेजारी कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांचा आवाज ठेवला. दोन पिढ्यांची फेक, श्वास, उच्चार असे ताडून पाहता येणे अभ्यासकाला क्वचितच लाभते.

चित्रपटाच्या नावातला ‘जय भीम’ तर आपल्याच भागातला. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. १९३९ साली, ऐन पस्तिशीत ते गेले. ज्या परिसरातून हा शब्द निघाला, तिथल्या गायन पार्ट्यांच्या आवाजाचे काय?

खेळ सुटल्यावर एक वयस्क गृहस्थ भेटले. ऐंशीच्या दशकात ते कव्वालीच्या एका पार्टीत बेंजो वाजवत. घरी ट्रंकेत कॅसेटी आहेत म्हणाले. पुढच्या रविवारी मी गेलो. एकूण एकोणतीस निघाल्या. नऊ कॅसेटींच्या फितीला बुरशी धरली होती. बाकीच्या एकेक करून उतरवून घेतो आहे. चौदाव्या कॅसेटवर कोण बाई गाताहेत, ते त्यांनाही आठवत नाही.