पाखरांचे हकीम

मदिनेतला अबू उमैर हा हजरत अनस बिन मालिक यांचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे नुगैर नावाचे चिमणीएवढे पाखरू होते. ते मेले आणि पोर हिरमुसले. पैगंबरांनी (स.) त्याची विचारपूस केली, तीही पाखराचे नाव घेऊन. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. दहाव्या शतकातले शाफई फकीह इब्न अल-कास यांनी एवढ्याशा प्रसंगावर वेगळी पुस्तिका लिहून त्यातून साठेक मसले काढले. घरात पाखरू पाळणे जायज आहे, हा त्यातलाच एक. पण त्याला जोडून दुसरी हदीसही वाचायला हवी. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची. पिंजऱ्याची परवानगी आहे ती दाणापाण्याच्या जबाबदारीसह. आपल्याकडे पहिली हदीस आवडीने सांगितली जाते, दुसरीची आठवण सहसा निघत नाही.

दाणापाण्याच्या पुढची पायरी औषधाची. तिथे अरबांनी केलेले काम थक्क करणारे आहे. आठव्या शतकात अल-गितरीफ या बाजदाराच्या नावाने शिकारी पक्ष्यांवरचा ग्रंथ तयार झाला. त्यात शिकारीबरोबरच ससाण्यांचे आजार आणि त्यांवरचे उपचार यांना भरपूर जागा आहे. पुढे फारसीत असे अनेक ग्रंथ झाले. त्यांना ‘बाजनामा’ म्हणत. हकीम माणसाची नाडी पाहायचा, बाजदार ससाण्याची शीट पाहायचा. तिचा रंग बदलला का, ती पातळ झाली का? न पचलेली पिसे आणि हाडे ससाणा गोळी करून ओकतो, ती गोळीही तपासली जाई. छातीच्या हाडावरचे मांस रोज बोटांनी चाचपले जाई. तुटलेल्या पिसाच्या जागी जुने गळालेले पीस बसवण्याची कलाही बाजदारांना अवगत होती. ही विद्या युरोपातही गेली. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने 1240 च्या सुमारास असा एक अरबी ग्रंथ ‘मोआमिन’ या नावाने लॅटिनमध्ये उतरवून घेतला.

हिंदुस्थानात हा शौक कबुतरांवर स्थिरावला. बाबराचे वडील उमर शेख मिर्झा 1494 मध्ये ढाबळीसकट कड्यावरून कोसळून वारले, इतके हे वेड जुने. अकबराने कबुतरबाजीला ‘इश्कबाजी’ असे नाव दिले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’नुसार दरबारात वीस हजारांहून जास्त कबुतरे होती, त्यांतली पाचशे खासा. मला मात्र या आकड्यांपेक्षा खुराकाचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. उडणाऱ्या कबुतरांना नुसते बारीक भरड धान्य, बाकीच्यांना तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, ज्वारी असे सात धान्यांचे मिश्रण. शंभर कबुतरांमागे साधारण पाच शेर दाणा, पण जोडीला बसवलेल्यांना साडेसात. अंडी घालणाऱ्या आणि पिल्ले भरवणाऱ्या पाखराला जास्त लागते, हे मुदपाकखान्याच्या हिशेबनिसालाही ठाऊक होते.

आज आपण बजरिगर किंवा कॉकाटीलला वर्षभर नुसती राळ नाहीतर सूर्यफुलाच्या बिया घालतो. अशा खुराकात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते. त्यातून श्वासाचे विकार होतात, मादीचे अंडे अडकते. पालेभाजी, गाजर, समुद्रफेणीचा तुकडा, यांना फार पैसे लागत नाहीत. पाखरू आजार लपवते. जंगलात दुबळे दिसले की शिकार होते, ही त्यामागची उपजत भीती. ते पिसे फुगवून बसले आणि श्वासागणिक शेपूट हलू लागली, तर आजार आधीच बळावलेला असतो. अशा वेळी माणसांच्या गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून देण्याची पद्धत घातक आहे. तीस-पस्तीस ग्रॅमच्या जिवाला किती औषध, हे पक्ष्यांच्या डॉक्टरनेच ठरवावे. तोवर खोक्यात ऊब द्यावी आणि शिटीचा कागद सोबत न्यावा. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर आठवड्याला वजन केले, तर बाजदाराच्या बोटांचे काम तो काटा करतो. तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या धुराने पाखरू काही मिनिटांत मरू शकते, म्हणून पिंजरा त्या खोलीत नको.

परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करते आहे. म्हणजे मुंबईत प्राण्यांचा दवाखाना ही कालची गोष्ट नाही. तरी पाखरासाठी रिक्षाचे भाडे खर्च करायचे म्हटले की घरात हसू उमटते. ‘नवीन जोडी त्याहून स्वस्त येते’ हा हिशेब ऐकू येतो. आपल्या हिरव्या देशी पोपटाचे तर अजून अवघड. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणे गुन्हा आहे. त्यामुळे तो लपवून ठेवला जातो आणि आजारी पडला तरी डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही.

अबुधाबीत 1999 मध्ये ससाण्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. फुप्फुसांत आणि हवेच्या पिशव्यांत बुरशी वाढली की तिथे पक्ष्याला गॅसने भूल देऊन दुर्बिणीने आत पाहतात. आणि तुटलेले पीस आजही जुन्याच रीतीने, गळालेल्या पिसांच्या साठ्यातून जुळणारे शोधून बसवतात.