येहूचा रथ आणि ईजबेलची खिडकी

आपल्याकडे मुलीचे नाव कोणी कैकेयी ठेवीत नाही. ख्रिस्ती जगात तसेच एक नाव आहे : ईजबेल. इंग्रजीत तर निर्लज्ज, कारस्थानी बाईला द्यावयाची ती एक शिवीच होऊन बसली आहे. बायबलातील 'राजे' या नावाच्या दोन पुस्तकांत तिची कथा येते. सीदोनी राजाची ही कन्या इस्राएलचा राजा अहाब याला दिली. ती माहेरचा देव बआल बरोबर घेऊन आली, नवऱ्याला तिने बिघडविले, परमेश्वराच्या संदेष्ट्यांना तिने मारविले. अखेर येहू नावाच्या सेनापतीने बंड केले आणि तिला खिडकीतून खाली लोटविले. अहाब व ईजबेल दुर्जन आणि येहू परमेश्वराचा माणूस, असा ग्रंथकाराचा निवाडा आहे.

निवाडा ऐकावा, पण दुसऱ्या बाजूचे कागदही मागावेत. बखर वाचताना शेजारी शिलालेख ठेवावा लागतो. 'राजे' ही पुस्तके या घटनांनंतर दोन-तीनशे वर्षांनी आजच्या रूपास आली, आणि तीही दक्षिणेकडील यहूदाच्या परंपरेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अहाबाचे राज्य उत्तरेचे. म्हणजे शेजारच्या, प्रतिस्पर्धी घराण्याची ही हकीकत आहे.

आता दगड काय सांगतात ते पाहू. 1861 साली कुर्ख येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याचा लेख सापडला. इ. स. पूर्व 853 मध्ये कर्कर येथे त्याच्याशी लढलेल्या राजांची यादी त्यात आहे. इस्राएलच्या अहाबाचे 2,000 रथ आणि 10,000 सैनिक त्या यादीत आहेत. आकडे फुगविलेले असतील. पण त्या यादीत इतके रथ दुसऱ्या कोणाचेही नाहीत. शल्मनेसर विजयाच्या वल्गना करतो खरा, परंतु पुढची काही वर्षे त्याला याच राजांवर पुन्हा पुन्हा चालून यावे लागले. या लढाईबद्दल बायबल एक अक्षर बोलत नाही.

आणि येहू? 1846 साली निमरूद येथे काळ्या दगडाचा एक स्तंभ निघाला. त्यावर इस्राएलचा येहू, किंवा त्याचा वकील, शल्मनेसराच्या पायाशी जमिनीला कपाळ टेकून आहे. मागे चांदी-सोन्याची खंडणी घेतलेली माणसे आहेत. साल इ. स. पूर्व 841, म्हणजे त्याच्या बंडाचेच. गंमत अशी की लेखात त्याला 'अम्रीचा पुत्र' म्हटले आहे; आणि ज्या घराण्याचा त्याने निर्वंश केला ते अम्रीचेच.

अहाब परमेश्वराला विसरला, असे म्हणतात. मग त्याच्या मुलांची नावे पाहा : अहज्या आणि यहोराम. दोन्हींत बआल नाही, इस्राएलच्या परमेश्वराचेच नाव गुंफलेले आहे. देव सोडलेला बाप मुलांना त्याच देवाचे नाव देईल काय?

मग ईजबेल निर्दोष होती काय? नव्हे. नाबोथ नावाच्या एका साध्या माणसाचा द्राक्षमळा राजाला हवा होता. वडिलार्जित वतन विकणार नाही, असे तो म्हणाला. वतन म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावयास नको! राणीने राजाच्या मोहरेची पत्रे धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथला दगडांनी ठेचून मारविले. ग्रंथातली ही हकीकत खरी असेल तर तिला क्षमा नाही. मात्र त्याच ग्रंथात पुढे येहू नाबोथच्या रक्ताची आठवण काढतो तेव्हा दोष अहाबाला देतो. ईजबेलचे नाव तेथे येत नाही, हेही नोंदून ठेवावे.

उलट येहूचे हात पाहा. अहाबाच्या 70 पुत्रांची मुंडकी टोपल्यांतून आली आणि वेशीपाशी त्यांचे दोन ढीग रचले गेले. 'मोठा यज्ञ करतो' असे खोटेच सांगून त्याने बआलाचे भक्त देवळात जमविले आणि कापून काढले. एकट्या नाबोथच्या रक्ताला रक्त म्हणावयाचे आणि या रक्ताला पुण्य, हा कुठला न्याय?

हा प्रश्न आपणच प्रथम विचारतो आहोत असे मात्र नव्हे. सुमारे शंभर वर्षांनी होशेय नावाचा संदेष्टा झाला. इज्रेल येथे सांडलेल्या रक्ताचा जाब परमेश्वर येहूच्या घराण्याला विचारील, असे त्याने बजावले. ज्या कृत्याबद्दल 'राजे' येहूच्या चार पिढ्यांना गादी देते, त्याच कृत्याला होशेय पाप म्हणतो. आणि बायबलाची थोरवी अशी की ही दोन्ही वचने त्याने एकाच बासनात जपून ठेवली आहेत.

मरणापूर्वी ईजबेलने डोळ्यांत काजळ घातले, केस विंचरले आणि ती खिडकीशी आली. पुष्कळांनी त्यात नखरा पाहिला. पण तिने येहूला उद्देशून उच्चारले ते जिम्रीचे नाव : धन्याचा खून करून अवघे सात दिवस राज्य भोगलेल्या माणसाचे. पुरुषाला भुलवावयास निघालेली बाई त्याला खुनी म्हणत नाही. ती राणी होती, आणि राणीसारखी मरावयास उभी राहिली होती.

वर्गात मुले विचारतात, "गुरुजी, यांत चांगला कोण?" नाव सांगून मोकळे होणे सोपे असते. त्यापेक्षा नाबोथकडे बोट दाखवावे. राजाचे दैवत कोणते, याच्याशी त्याच्या मळ्याचा काही संबंध नव्हता. आणि त्याच्या नावाने पुढे जे रक्त सांडले, त्याने तो परत आला नाही.