सीबीडी बेलापूरची छोटी गार्डन रिकामी का असतात, आणि ती रिकामी राहिली तर काय होतं?

नवी मुंबईच्या गार्डनचे रील बघायला घेतले की फिरून फिरून त्याच चार जागा दिसतात. नेरुळचं वंडर्स पार्क, तिथलंच रॉक गार्डन, वाशीचं मिनी सी शोअर आणि खारघरचं सेंट्रल पार्क. रविवारी संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा शोधावी लागते.

पण याच शहरात सेक्टरच्या पोटात शिरलात की दुसऱ्या प्रकारची गार्डन भेटतात. दोन इमारतींच्या मध्ये, ऑफिसांच्या मागच्या बाजूला, नाल्याच्या कडेला. लोखंडी गेट, पुसट झालेला बोर्ड, चार बाकडी, एक घसरगुंडी, ओपन जिमची दोन मशिनं. शहराचं डाउनटाउन म्हणून आखलेल्या सीबीडी बेलापूरमध्ये अशा जागा दिवसातला बराच वेळ ओस पडलेल्या दिसतात. शेजारच्या चहाच्या टपरीवर मात्र उभं राहायला जागा नसते.

यावरून 'लोकांना गार्डन नकोच आहे' असं म्हणणं घाईचं होईल. टपरीवर उभी असलेली माणसं सावली आणि दहा मिनिटांची विश्रांतीच शोधत असतात. मग ती गेटच्या आत का जात नाहीत?

या जागा आल्या कुठून?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया सिडकोचे पहिले मुख्य वास्तुविशारद झाले. संपूर्ण शहर नोडमध्ये आणि नोड सेक्टरमध्ये वाटायचा, आणि रोजच्या गरजेच्या गोष्टी, म्हणजे शाळा, दुकानं, मैदान, गार्डन, चालत जाता येईल इतक्या अंतरावर ठेवायच्या, असा तो विचार होता.

जुन्या शहरात बांधकाम झाल्यावर जे उरतं तिथे गार्डन होतं. नवी मुंबईत गार्डनचा चौकोन नकाशावर इमारतीच्या आधी आला. म्हणून इथे छोटी गार्डन संख्येने भरपूर आहेत. ती विसरली जातात, त्यामागेही थोडंफार हेच कारण आहे. लोक राहायला येण्याआधीच जागा ठरल्या होत्या, त्यामुळे कोण कुठून चालत येईल, कुठे थांबेल हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं.

आणि ही जमीन रिकामी पडलेली नव्हती. ९५ गावांमधल्या आगरी-कोळी आणि इतर शेतकऱ्यांची भातशेती आणि मिठागरं होती ती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईला झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. पुढे मिळालेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना या लढ्यातूनच आली. जमीन 'सार्वजनिक कामासाठी' म्हणून घेतली होती. त्यातली गार्डनपुरती राखलेली जमीन पुढे कशासाठी वापरली जाते, हा प्रश्न म्हणूनच फक्त सुशोभीकरणाचा राहत नाही.

सहा वाजेपर्यंतचं डाउनटाउन

सीबीडी म्हणजे मध्यवर्ती व्यापारी भाग. राज्य सरकारचा कारभार दक्षिण मुंबईतून इथे हलेल, त्यामागोमाग खासगी कंपन्या येतील आणि बेलापूर नव्या शहराचं हृदय बनेल, असा नियोजनकारांचा अंदाज होता. कोकण भवन आलं, सिडको भवन आलं, कोकण रेल्वेचं मुख्यालय आलं. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं. बाजारपेठ म्हणून वाशी पुढे गेली. रेल्वेही खाडी ओलांडून आधी वाशीला पोचली, १९९२ मध्ये, आणि बेलापूरला त्यानंतर वर्षभराने.

परिणाम असा की बेलापूरच्या मध्यभागी सकाळी साडेनऊला माणसं ओततात आणि संध्याकाळी सहानंतर स्टेशनकडे निघून जातात. मधल्या वेळात सगळे ऑफिसात.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' या पुस्तकात नेमकं याच कोड्यावर बोट ठेवलंय. उदाहरण फिलाडेल्फियाचं आहे. १६८२ मध्ये विल्यम पेन यांच्या आराखड्यात तिथे जवळपास सारखे चार चौक ठेवले गेले. पुढे त्यातला रिटनहाउस चौक दिवसभर गजबजलेला राहिला आणि ऑफिसांनी वेढलेला वॉशिंग्टन चौक ओस पडला. रिटनहाउसभोवती घरं, दुकानं, हॉटेलं, शाळा असं सगळं मिसळलेलं होतं. सकाळी चालायला येणारे, मग आया आणि मुलं, दुपारी डबा खाणारे, संध्याकाळी म्हातारी माणसं, असं चक्र तिथे चालू राही. वॉशिंग्टन चौकाभोवती सगळे एकाच वेळी येणारे आणि एकाच वेळी जाणारे. गार्डन चालतं ते आजूबाजूच्या वस्तीच्या घड्याळावर, असं त्यांचं निरीक्षण होतं.

ऑफिसांच्या गराड्यातल्या बेलापूरच्या गार्डनला हे अगदी लागू पडतं. त्याच बेलापुरात जिथे घरं आणि दुकानं एकमेकांना लागून आहेत, तिथल्या तेवढ्याच आकाराच्या गार्डनमध्ये संध्याकाळी पोरांचा गलका असतो. खेळणी तीच, फरक भोवतालच्या वस्तीचा.

दुपारी एक वाजता गेटला कुलूप

दुसरं कारण इतकं साधं आहे की त्याकडे लक्षच जात नाही. आपल्याकडे महापालिकांच्या गार्डनचं वेळापत्रक बहुधा 'सकाळी आणि संध्याकाळी' असं असतं. दुपारी साफसफाई, पाणी घालणं आणि कुलूप. निवासी सेक्टरमध्ये ते चालून जातं. ऑफिसांच्या भागात गार्डनचं खरं गिऱ्हाईक दुपारी एक ते दोन या वेळातच येतं. ज्या तासाला हजारो माणसं डबा घेऊन सावली शोधत असतात, त्याच तासाला गेट बंद!

कुलूप लावण्यामागे कारणं असतात, नाही असं नाही. दुपारी जोडपी बसतात, कुणी पत्ते खेळतं, कुणी दारू पितं, अशा तक्रारी येतात आणि सुरक्षारक्षक कमी असतात. पण बंद जागा आणखी निर्जन होते आणि निर्जन जागेबद्दल तक्रारी आणखी वाढतात. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या छोट्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कसे वागतात हे टिपलं आणि १९८० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. लोकांना लोकांकडेच ओढ असते, बसायला जागा असेल तिथे ते बसतात, आणि नको असलेल्या लोकांना हुसकावण्यासाठी जागा गैरसोयीची केली तर आधी चांगले लोक निघून जातात, हे त्यात दिसून आलं. ऐकायला फार साधं वाटतं. पण आपल्या गार्डनमधली बाकडी बघा. अर्धी उन्हात, अर्धी झाडाकडे पाठ करून, सगळी सिमेंटमध्ये पक्की रोवलेली.

छोटी जागा म्हणजे निरुपयोगी जागा, असंही नाही. न्यूयॉर्कचं पेली पार्क १९६७ मध्ये उघडलं. क्षेत्रफळ जेमतेम ३९० चौरस मीटर. मागच्या भिंतीवरून पडणारं पाणी, काही झाडं आणि हव्या त्या जागी ओढून नेता येतील अशा खुर्च्या, एवढंच. तरी ते जगातल्या सर्वांत गाजलेल्या छोट्या गार्डनमध्ये गणलं जातं. ते खासगी मालकीचं आहे आणि देखभालीला पैसा आहे, हेही खरं.

सगळ्यात चांगलं उदाहरण बेलापुरातच

न्यूयॉर्कपर्यंत जायचीही गरज नाही. सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, पारसिक हिलच्या पायथ्याशी, आर्टिस्ट व्हिलेज आहे. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत शिकवली जाते, आणि मुद्दा मोकळ्या जागेचाच आहे.

रचना अशी: सात घरं एका अंगणाभोवती. ते अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून २१ घरं, त्यांच्यामध्ये साधारण १२ बाय १२ मीटरचं मोठं अंगण. असे तीन समूह मिळून आणखी मोठी जागा, साधारण २० बाय २०. मग संपूर्ण वसाहतीचं सामाईक मैदान आणि मधून वाहणारा ओढा. घराच्या उंबऱ्यापासून मैदानापर्यंत मोकळी जागा पायरीपायरीने वाढत जाते. सगळ्यात लहान अंगणावर सात दारं उघडतात, त्यामुळे तिथे कोण आलं हे न बघताही कळतं. वॉचमन लागत नाही.

मूळ घरांपैकी बरीचशी आता पाडून मोठी बांधली गेलीत, अंगणात गाड्याही दिसतात. पण रचना अजून वाचता येते. याच्या तुलनेत सेक्टरमधलं सरकारी गार्डन बघा. चहूबाजूंनी कंपाउंडची भिंत, शेजारच्या इमारतींची पाठ त्याच्याकडे, आत जायला एकच गेट आणि तेही भलत्या बाजूला. ६४ चौरस मीटरचं अंगण वापरात राहतं आणि त्याच्या कितीतरी पट मोठं गार्डन ओस पडतं, ते यामुळे.

मालक कोण आणि काळजी कोणाची?

नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासून कारभार करू लागली. त्याआधी सगळं सिडकोकडे होतं. रस्ते, मैदानं, गार्डन टप्प्याटप्प्याने महापालिकेकडे हस्तांतरित झाली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं ही नगरपालिका-महापालिकांच्या कामांत गणलेली आहेत. म्हणजे देखभाल महापालिकेची. पण शहरातली जमीन मात्र मोठ्या प्रमाणात सिडकोची, आणि भूखंड विकून त्या पैशातून शहर उभारणं हे सिडकोचं सुरुवातीपासूनचं सूत्र.

इथे खरी अडचण सुरू होते. एका संस्थेच्या दृष्टीने मोकळा भूखंड ही नागरी सुविधा, दुसरीच्या दृष्टीने न विकलेला माल. महापालिकेने आपला पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला तो २०२२ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तीस वर्षांनी. तोवर आणि त्यानंतरही सार्वजनिक सुविधांसाठी कोणते भूखंड राखायचे यावरून दोन्ही संस्थांमध्ये ओढाताण चालू राहिली.

जागा किती लागते? केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाख २० हजार होती. १० ने गुणलं तरी ११ चौरस किलोमीटरहून जास्त होतात. महापालिकेच्या सुमारे १०९ चौरस किलोमीटर हद्दीचा हा दहावा भाग. एवढी जागा दोन-चार मोठ्या पार्कांतून भरून निघणं शक्यच नाही. त्याच सूचनांमध्ये ५,००० लोकवस्तीमागे अर्ध्या हेक्टरचं वस्तीतलं गार्डन वेगळं सांगितलंय, ते म्हणूनच.

शिवाय नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठचा आणि सखल. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी अडवून ठेवायला शहरात धारण तलाव केलेत. नेरुळचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' अशाच एका तलावाभोवती आहे. सेक्टरमधल्या गार्डनची उघडी माती हेच काम छोट्या प्रमाणात करते, अर्थात तिच्यावर पेव्हर ब्लॉक अंथरले नसतील तर.

कोर्टात काय झालंय?

बेंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा विकास प्राधिकरणाने एका खासगी ट्रस्टला नर्सिंग होमसाठी दिली. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा' या निकालात ते वाटप रद्द ठरवणारा हायकोर्टाचा निर्णय कायम ठेवला. दवाखाना चांगली गोष्ट असली तरी ती उद्यानाची जागा घेऊ शकत नाही, आणि परिसरातल्या रहिवाशांना याविरुद्ध दाद मागता येते, हे दोन्ही मुद्दे त्यात आले. मोकळ्या जागांच्या खटल्यांत हा निकाल आजही पुढे केला जातो.

नवी मुंबईचं ताजं प्रकरण घणसोलीचं. शासकीय क्रीडा संकुलासाठी २००३ मध्ये तिथली सुमारे २० एकर जागा ठरली होती. २०२१ मध्ये संकुल रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात हलवायचा निर्णय झाला. वास्तुविशारदांच्या संघटनेने याचिका केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला.

२० एकरांसाठी संघटना उभी राहते. सेक्टरमधल्या कोपऱ्यातल्या गार्डनवर शेड, मंडप, पार्किंग किंवा गोदाम आलं तर तक्रार करायला तिथे रोज जाणारं कुणीतरी लागतं, आणि वापर नसलेल्या गार्डनकडे नेमकं तेच नसतं.

तुमच्या शेजारची जागा नक्की काय आहे, हे कसं कळेल?

आधी एक फरक. सोसायटीच्या कंपाउंडमधली मोकळी जागा वेगळी आणि सार्वजनिक गार्डन वेगळं. राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर किमान १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती तिथल्या रहिवाशांची. तिथून तुम्हाला बाहेर काढलं तर भांडता येणार नाही. सार्वजनिक गार्डनमध्ये मात्र तुम्ही कुठल्या सेक्टरचे, हे विचारायचा हक्क कुणालाच नाही.

जागा सार्वजनिक आहे का हे बघायला विकास आराखड्याचा नकाशा आणि महापालिकेच्या नगररचना विभागाकडून मिळणारा भूखंडाचा अभिप्राय उपयोगी पडतो. त्यासाठी सेक्टर क्रमांक आणि भूखंड क्रमांक हाताशी ठेवा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार आहेच. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्जात 'गार्डनची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. आरक्षण कशाचं आहे, जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाली का आणि कोणत्या तारखेला, देखभालीचं कंत्राट कधीपर्यंत आहे आणि त्यात गेट उघडं ठेवायच्या वेळा काय दिल्या आहेत, असे चार सुटे प्रश्न विचारा. चौथ्याचं उत्तर हातात आलं की दुपारचं कुलूप कोणाच्या आदेशाने लागतं तेही विचारता येतं.