काचेच्या घुमटाखालीं

आगगाडींत बसून समोरचा मार्ग पाहण्याचें भाग्य पूर्वीं इंजिनचालकाचेंच असे. उतारूच्या वांट्याला बाजूच्या खिडकीएवढाच देखावा येई. 1944 सालीं 'जनरल मोटर्स'चे एक अधिकारी सायरस ऑस्बोर्न हे कोलोराडोंतील ग्लेनवुडच्या अरुंद दरींतून डीझेल इंजिनांत बसून चालले होते. हें दृश्य उतारूंनाहि दिसावें, असें त्यांच्या मनानें घेतलें. लगेच 1945 सालीं बर्लिंग्टन रेल्वेनें आपल्या एका डब्याचें छप्पर कापून त्यावर काचेचा घुमट चढविला व त्याखालीं 24 आसनें मांडलीं. 1949 सालीं शिकागोहून निघूं लागलेल्या 'कॅलिफोर्निया झेफिर' गाडीचें तर वेळापत्रकच असें आंखलेलें होतें कीं, डोंगर दिवसाउजेडींच लागावेत.

पुढें मोटारी आणि विमानें यांनीं उतारू ओढून नेले. 1970 सालीं ती गाडी बंद पडली. 1955 सालीं बांधलेला एक घुमटाचा डबा मात्र त्यानंतरहि अनेक वर्षें शरद ऋतूंत न्यूयॉर्क राज्यांतून माँट्रियलला जाणाऱ्या 'अॅडिरॉन्डॅक' गाडीला जोडीत. शँप्लेन सरोवराकांठचीं तांबडीं-पिंवळीं झाडें पाहण्यासाठीं लोक त्यांत बसत. आतां तोहि सेवेंतून निवृत्त झाला आहे.

वेगासाठीं वेळापत्रकें नित्यच बदलतात. उतारूला चार घटका डोळे भरून पाहतां यावें म्हणून एका रेल्वेनें आपलें घड्याळ लावलें, ही गोष्ट मला त्या काचेच्या घुमटाहूनहि मोठी वाटते.