सुकाणूचे लाकूड

आरमाराच्या इतिहासात लढायांची नावे राहतात, सरदारांची राहतात. परंतु लढाईस निघालेले जहाज ज्याच्या बळावर वळते, त्या सुकाणूच्या लाकडाची निगा कशी राखली जात असे, याची विचारपूस क्वचितच होते. वस्तुतः लाकडी जहाजांच्या युगात समुद्रावरील सत्ता जितकी नव्या बांधणीवर, तितकीच जुन्याच्या दुरुस्तीवर अवलंबून होती.

सुकाणूवर पाण्याचे संकट दोन बाजूंनी येते. खाऱ्या पाण्यात बुडालेला भाग पोखरणारा प्राणी दिसावयास अळीसारखा, पण कुळाने शिंपल्यांचा भाऊबंद आहे. बाहेर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते. आत लाकडाची चाळण झालेली असते. वरच्या भागाला मात्र पावसाचे गोडे पाणी अधिक घातक. बिजागऱ्यांच्या खिळ्यांपाशी आणि फळ्यांच्या सांध्यांत ते मुरते व तेथे बुरशी लाकूड कुजवू लागते. खारे पाणी या बुरशीस फारसे मानवत नाही. म्हणूनच समुद्रात टिकलेले सुकाणू पावसाळ्यात किनाऱ्यावर उघडे पडून कुजावे, असा विपरीत प्रकार घडतो.

कोकणने या संकटास ऋतूचक्राशी जुळणारी व्यवस्था शोधली. मोसमी वारे सुटण्यापूर्वी होड्या-मचवे वर ओढावयाचे, झापांनी शाकारावयाचे आणि त्याच काळात डागडुजी उरकावयाची, ही तेथील जुनी रीत. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रातही पावसाळ्याआधी आरमार किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात न्यावे, असे बजावले आहे. जहाजांच्या लाकडाविषयीही तेथे तितकीच कडक ताकीद आहे. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत. रयतेने वाढविलेल्या आंब्याफणसांना मात्र हात लावू नये. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊनच ते घ्यावे. राज्याच्या गरजेपुढे शेतकऱ्याचे झाड बिनमोल ठरू नये, ही दृष्टी त्यामागे आहे.

दुरुस्तीचे शास्त्र मोठे नाही, पण ते उतावळेपणा सहन करीत नाही. सुतार प्रथम लाकूड ठोकून आवाज ऐकतो. निरोगी लाकूड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत काढावयाचा, उरलेले पुरते वाळू द्यावयाचे, मग त्याच जातीचा मुरलेला तुकडा रेषेला रेष जुळवून बसवावयाचा. सांधा आखूड न ठेवता लांब व तिरपा घेतात, कारण सुकाणूवर पाण्याचा रेटा बाजूने येतो आणि तो लांब सांध्यावर विभागला जातो. ओल्या लाकडावर डांबर किंवा रंग फासला, तर ओल आतच कोंडते. आजची कृत्रिम राळही ओल्या लाकडास नीट धरत नाही.

जहाजाचा तळ आणि सुकाणू कोरडे पाहावयाचे, तर गोदी हवी. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटण खाडीच्या काठी खडकात कोरलेली जुनी गोदी आहे. भरतीबरोबर जहाज आत यावे आणि ओहोटीने उघडे पडावे, अशी तिची योजना. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. वर्षानुवर्षे जपलेले ते लाकूड तासाभरात राख झाले.

मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आले आणि १७५० मध्ये तेथे कोरडी गोदी तयार झाली. त्यांच्या घराण्याने मलबारी सागाचे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. ते आज इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागातील तेल किडीस व कुजण्यास आवरते, हे खरे. तथापि त्या जहाजासही १९९० ते २००१ पर्यंत दीर्घ दुरुस्ती घ्यावी लागली. उत्तम लाकूड म्हणजे काही काळाची सवलत. पुढचे आयुष्य प्रत्येक पिढीच्या सुताराने त्यात पुन्हा घालावे लागते, आणि तो सुतार नाहीसा झाला की सागाचेही काही चालत नाही.