मुहतसिब आणि हॉटेलमालक

'हलाल' हा शब्द आपल्या हॉटेलांच्या पाट्यांवर ठळक दिसतो. कुरआनात मात्र (अल-बकरा, आयत 168) त्याच्या जोडीला 'तय्यिब' हा शब्दही आहे. तय्यिब म्हणजे चांगलं, निर्मळ. पाटीवर पहिला शब्द राहिला, दुसरा गळला. आपल्या इतिहासात या दुसऱ्या शब्दाची राखण कोण करत होतं, हे शोधताना मी 'हिसबा'पाशी पोहोचलो.

हिसबा म्हणजे बाजारावरची देखरेख. ती करणारा अधिकारी मुहतसिब. अकराव्या शतकात अल-मावर्दी यांनी काझी आणि मुहतसिब यांच्यातला फरक सांगितला. काझीपुढे फिर्यादी यावा लागतो. मुहतसिब मात्र तक्रारीची वाट न पाहता दुकानात शिरू शकतो.

बाराव्या शतकात अश-शैझरी यांनी मुहतसिबांसाठी एक पुस्तिकाच लिहिली. तिच्यातले नियम वाचून मी थक्क झालो. भटारखान्याचं छत उंच हवं, धूर जायला मोठी वाट हवी. कणीक पायांनी किंवा कोपरांनी मळायची नाही. शिंकताना, बोलताना थुंकी उडू नये म्हणून मळणाऱ्याने तोंडाला फडकं बांधावं, घाम पडू नये म्हणून कपाळाला पट्टी. माश्या हाकलायला शेजारी एक माणूस. खाटकाने दुकान बंद करताना लाकडी ठोकळ्यावर मीठ पसरावं, म्हणजे कुत्री चाटणार नाहीत. शिवाय प्रत्येक धंद्यातला एक जाणता माणूस 'अरीफ' म्हणून नेमायचा आणि त्या धंद्याची खबर त्याच्याकडून घ्यायची.

हे सगळं नेहमी पाळलं जात होतं, अशा भ्रमात राहू नये. इतिहासकार अल-मक्रीझी 1399 मध्ये स्वतः कैरोचे मुहतसिब झाले. पैसे मोजून पदं मिळवण्याच्या प्रथेवर त्यांनीच कठोर टीका केली आहे. पद विकत घेणारा ते पैसे बाजारातूनच वसूल करणार, हे उघड आहे.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात 1925 साली भेसळविरोधी कायदा आला, देशभरासाठी 1954 साली. त्या दुसऱ्या कायद्यात 'मालाचा दर्जा मला माहीत नव्हता' एवढं म्हणून विक्रेता सुटत नसे. आजच्या 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 56 अधिक थेट आहे. अस्वच्छ जागेत अन्न तयार केलं तर 1 लाख रुपयांपर्यंत दंड. मग ते मालकाने स्वतः केलेलं असो वा त्याच्या वतीने दुसऱ्याने. गिऱ्हाईक आजारी पडण्याची वाट पाहावी लागत नाही. 'पोऱ्याने केलं, मी गल्ल्यावर होतो' हे उत्तर तिथे पुरेसं नाही. कलम 32 प्रमाणे आधी सुधारणेची नोटीस, ऐकलं नाही तर परवाना निलंबित, मग रद्द. मुहतसिबाचीही रीत हीच होती: आधी समज, मग शिक्षा.

दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: भांडी धुतली का, हात धुतले का? 2024 च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खानावळींना मालक-नोकरांची नावं लावायला सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. जेवण कोणतं आहे ते सांगा, नावाची सक्ती नको, असं न्यायालयाने म्हटलं. आडनावावरून स्वच्छता ठरत नाही, हे आपण हक्काने सांगतो. तोच न्याय आपल्यालाही लागू आहे. 'हलाल'च्या पाटीवरूनही ती ठरत नाही. ती मोरीजवळ ठरते, आणि तिचा जाब मालकालाच द्यावा लागतो.