चौकटीतली आग, चौकटीबाहेरचे बंबवाले

मंडळी, आज सुरुवात जुन्या गोष्टीने करत नाही. २००६ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात 'शार्लट ऑब्झर्व्हर' या दैनिकात एक फोटो छापून आला. शिडीवर उभा असलेला अग्निशमन दलाचा जवान, पूर्ण काळी आकृती, मागे सूर्य आणि गडद लाल आकाश. बघताक्षणी वाटावं, काय भयंकर आग असेल! दुसऱ्याच दिवशी तो फोटो काढणाऱ्याची नोकरी गेली.

कारण काय? वर्तमानपत्राने वाचकांपुढे खुलासा केला: मूळ फोटोत आकाश तपकिरी-करड्या रंगाचं होतं. संगणकावर ते लाल केलं गेलं आणि सूर्याभोवतीचं वलय ठळक झालं. छायाचित्रकाराचं म्हणणं वेगळं होतं. प्रकाश कमी घेतल्यामुळे आकाशाचा खरा रंग फोटोत उतरलाच नाही, मी तो फक्त परत आणला, असं तो म्हणाला. बरं, हा त्याचा पहिला प्रसंग नव्हता. २००३ साली त्याच्याच काही फोटोंची पारितोषिकं काढून घेतली गेली होती, मागचा भाग फार काळा केला म्हणून.

आता यात मला छायाचित्रकाराचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही, हे सांगतो. तुमच्यापैकी ज्यांनी सूर्य समोर ठेवून फोटो काढलाय त्यांना माहीत असेल. सूर्याकडे कॅमेरा धरला की दोनच मार्ग उरतात. प्रकाश जास्त घ्यावा तर आकाश पांढरंफटक पडतं. कमी घ्यावा तर माणूस कोळशासारखा काळा होतो आणि आकाशाचा रंग जड होतो. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला रंग कॅमेऱ्यात नसतोच, तो नंतर आठवून भरावा लागतो. आणि आठवण कुठल्या बाजूला झुकते? नेहमी जास्त लालकडेच. आग म्हटली की लाल! प्रत्यक्षात आगीच्या जागी सगळ्यात जास्त काय असतं, विचारा कुठल्याही बंबवाल्याला. धूर, काळं पाणी, चिखल आणि वाट बघणं.

पण मला त्या फोटोतली लाली तेवढी खुपत नाही, जेवढं दुसरं काही खुपतं. त्या जवानाला चेहरा नाही. तो कोण, दमलाय का, हातात काय आहे, काही कळत नाही. तो एक आकार झालाय. वृत्तछायाचित्रणाच्या नियमांत रंग बदलणं गुन्हा धरलं जातं. फोटोची कड कापणं मात्र चालतं, इंग्रजीत ज्याला क्रॉपिंग म्हणतात ते. आणि इतिहासात जास्त काम कात्रीनेच केलेलं आहे.

चला लंडनला, १९४० साली. आधी थोडी पार्श्वभूमी. युद्धाआधी ब्रिटनने 'ऑक्झिलरी फायर सर्व्हिस' नावाचं सहाय्यक दल उभारलं. टॅक्सी चालवणारे, कारकून, लेखक, चित्रकार, असे लोक त्यात आले. बायकाही होत्या, टेलिफोनवर आणि गाड्या चालवायला. पहिलं वर्ष बॉम्ब पडलेच नाहीत, तेव्हा लोक त्यांना टोमणे मारत, की हे लढाई चुकवायला इथे बसलेत, फुकटचा पगार खातात. सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि महिन्याभरात तेच लोक वीर ठरले. माणसं तीच होती. फरक पडला तो लोकांच्या नजरेत, आणि ती नजर घडवण्यात फोटोंचा वाटा मोठा होता.

त्या काळातला एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. ९ ऑक्टोबर १९४० चा, फ्रेड मॉर्ली याने काढलेला. विटांच्या ढिगाऱ्यावरून एक दूधवाला बाटल्यांचा क्रेट घेऊन शांतपणे चाललाय. आजही मगवर, पोस्टरवर दिसतो. आता असं सर्वसाधारणपणे मानलं जातं की तो दूधवाला दूधवाला नव्हताच. नुसत्या पडझडीचे फोटो सेन्सॉर अडवत असत, म्हणून मॉर्लीने कोट आणि क्रेट मिळवला आणि आपल्या सहायकाला चालायला लावलं. फोटो मंजूर झाला.

पण जरा मागे बघा. (ही स्लाइड मोठी करा कुणीतरी. हो, तशीच.) दूधवाल्याच्या पाठीमागे, धुरात, बंबवाले आहेत. पाण्याचे पाईप धरून धुमसणाऱ्या ढिगाऱ्यावर पाणी मारतायत. ते मात्र खरे. पुढचा माणूस सोंग घेतलेला आणि मागचे लोक कामावर, अशी ही चौकट. फोटो ऐंशी वर्षं लोकांपुढे आहे, त्याचं नाव दूधवाल्याच्या नावाने पडलं. मागच्यांकडे बोट दाखवावं लागतं.

दुसरा फोटो त्याच सालातला. २९ डिसेंबर, रविवारची रात्र. लंडनच्या मध्यवस्तीत दीड हजारांच्या आसपास आगी लागल्या. पाण्याच्या मुख्य नळवाहिन्या फुटलेल्या. टेम्स नदीला ओहोटी, त्यामुळे पंपांचे पाईप पाण्यापर्यंत पोचेनात, माणसं चिखलात उतरून पाईप ओढत होती. त्या रात्री अग्निशमन दलाचे १४ जण गेले. 'डेली मेल'चा छायाचित्रकार हर्बर्ट मेसन आपल्या कचेरीच्या गच्चीवर धूर बाजूला सरण्याची वाट बघत थांबला होता. धूर सरला, सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसला, त्याने कळ दाबली.

फोटो सेन्सॉरकडून सुटून ३१ डिसेंबरला पहिल्या पानावर आला. पण निगेटिव्हवर होता तसा नाही. मूळ चौकटीत खालच्या बाजूला जळून पोकळ झालेल्या घरांच्या ओळी आहेत. छापताना त्यातला बराच भाग कापला गेला. त्या काळी रिटचिंग म्हणजे छापील प्रतीवर ब्रश आणि रंगाने केलेलं हातकाम. कुठे धूर गडद, कुठे कडा उजळ. तेही या फोटोवर भरपूर झालं. राहिलं काय, तर धुराच्या समुद्रात उभा अभंग घुमट. गंमत बघा, काही आठवड्यांत बर्लिनच्या एका सचित्र साप्ताहिकाने हाच फोटो छापला, लंडन जळतंय हे दाखवायला! एकच फोटो, एका गावात धीर देतो, दुसऱ्या गावात विजय सांगतो. चिखलातून पाईप ओढणारे दोन्हीकडे नाहीत. ते मुळात मेसनच्या भिंगासमोर नव्हतेच, हे खरं. पण घुमट वाचला तो आपोआप नाही. छपरांवर पाळत ठेवणारे स्वयंसेवक आणि खालचे पंपवाले होते म्हणून.

२००१ चा न्यूयॉर्कचा फोटो तुम्हाला पाठ आहे, तीन जवान आणि झेंडा, तेव्हा थोडक्यात सांगतो. थॉमस फ्रँकलिनने तो लांब पल्ल्याच्या भिंगातून काढला. जवान आणि मागचा ढिगारा यांच्यात बरंच अंतर होतं, पण अशा भिंगात मागचं पुढे येऊन चिकटतं, म्हणून ढिगारा भिंतीसारखा त्यांच्यावर आलेला दिसतो. पुढच्या वर्षी त्यातला एक भाग टपाल तिकिटावर आला. त्यावरून पुतळाही व्हायचा होता, त्यात तिघांचे वंश बदलून एक गोरा, एक काळा, एक हिस्पॅनिक असं ठरलं. इतका गदारोळ झाला की पुतळाच रद्द झाला. पुतळ्यात माणसं बदलायला निघाले तेव्हा लोक चिडले, तिकिटाच्या कात्रीवर कुणी चिडलं नाही.

आणि आता आपल्या मुंबईची गोष्ट. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापसाच्या गाठी आणि जवळपास १४०० टन स्फोटकं. आग लागली, बंब आले, जवान जहाजावर चढून पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आपला अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला असतो तो यांच्यासाठी.

याचा दूधवाला नाही, घुमट नाही. युद्धकाळातल्या सेन्सॉरने बातमीच अडवली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्या दिवशी सांगितली आणि आपल्याकडच्या बातमीदारांना मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं. सुधीश घटक या छायालेखकाने त्या वेळी चित्रण केलं होतं, ते लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केलं. पुढे त्यातले काही तुकडे न्यूजरीलमध्ये दाखवले गेले. लंडनला कडा कापल्या, इथे अख्खी चौकटच उचलली.

पुढची स्लाइड मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. ती तशीच राहू द्या, आणि प्रश्न असतील तर घेऊया.